मिठाचा नियम आणि डायलिसिस

डायलिसिसवर असलेल्या ज्येष्ठांचा रक्तदाब वाढला, की ‘गोळी वाढवून द्या’ ही कुटुंबीयांची पहिली मागणी असते. गोळ्यांची गरज अनेकांना असतेच. परंतु या रुग्णांत रक्तदाब वाढण्याचे प्रमुख कारण बहुधा शरीरात साठलेले मीठ व पाणी हे असते. निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत. सुमारे ८ ग्रॅम मीठ पोटात गेले, की तहानेपोटी जवळजवळ १ लिटर पाणी प्यायले जाते आणि वजन १ किलोने वाढते. म्हणून नुसते पाणी मोजून देणे पुरेसे नाही. मीठ आवरल्याविना तहान आवरत नाही.

फ्रान्समधील तासँ येथील केंद्राने हेच तत्त्व अनेक वर्षे पाळले. आठवड्यातून तीनदा ८ तासांचे संथ डायलिसिस आणि अल्प मिठाचा आहार यांमुळे तेथील बहुसंख्य रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या नाहीत. आपल्याकडे डायलिसिस साधारणतः ४ तासांचे असते. दुकानाच्या घाईपायी तो अवधी आणखी कमी करू नये.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य होते आणि तिच्या जागी ताटात पापड, लोणचे, सांडगे येतात. रुग्णाच्या दृष्टीने हा बदल जोखमीचा आहे. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी असावे. सैंधव हेही मीठच होय. ‘कमी सोडियम’च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, ते या रुग्णांच्या हृदयाला घातक ठरू शकते.

चौविहाराचा नियम असल्यास डॉक्टरांना तो सांगून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रात्रीची गोळी परस्पर सोडू नये. डायलिसिस चालू असता काहींचा रक्तदाब एकाएकी उतरतो. म्हणून त्या दिवशी कोणती गोळी केव्हा घ्यावी, हेही विचारावे. फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाब मोजू नये.

पर्युषणात उपवास करता येत नाही, ही खंत अशा रुग्णांच्या मनात असते. परंतु रसपरित्याग हेही तपच आहे आणि दिगंबर परंपरेतील सहा रसांत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांबरोबर मिठाचीही गणना होते. ज्येष्ठांनी हा नियम घ्यावा आणि त्यांच्या पंक्तीला बसणाऱ्यांनीही पापड-लोणचे बाजूस ठेवावे. एकट्याने पाळलेले पथ्य जड जाते. घराने पाळलेला नियम सहज निभतो.