जागे राहण्याची परीक्षा

इ.स. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांनी ख्रिस्तश्रद्धेपायी प्राण दिले. तलवार समोर आली की परीक्षा सुरू झाल्याचे निदान कळते तरी. आपल्या वाट्याला येणारा मोह मात्र दवंडी पिटून येत नाही.

डोंबिवलीत घर घेताना तो माझ्यापुढे आला. काही रक्कम कागदावर न दाखवता रोख द्यायची, एवढेच! 'सगळेच देतात,' असे सांगण्यात आले आणि मी मान डोलावली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली देताना तो व्यवहार मला आठवलासुद्धा नाही. भय वाटते ते याचेच. ते घर आजही माझे आहे, आणि टोचणीही.

गेथशेमानेच्या बागेत शिष्य झोपले, ते दुष्ट होते म्हणून नव्हे. दुःखाने थकले होते म्हणून. रात्रीच्या लोकलने कल्याणकडे परतणारे आपणही थकलेलेच असतो. सैतानाला याहून सोयीची वेळ कोणती?

म्हणून निजण्यापूर्वी मी दिवसाचा हिशेब देवापुढे मांडतो: कुठे खोटे बोललो, कुठे सोयीने गप्प बसलो. प्रार्थना छोटी चालेल, हिशेब चोख हवा. 'सगळेच करतात' हे शब्द कानी पडले, की समजावे, आपले डोळे मिटू लागले आहेत.