संवादाला स्वतःची ओळ हवी

आपल्या नियतकालिकांतील कथा वाचताना एक गोष्ट सतत खटकते. दोन, प्रसंगी तीन पात्रांची बोलणी एकाच परिच्छेदात कोंबलेली असतात. कारण विचारावे तर उत्तर मिळते, "कागद महाग आहे, वाचकाला समजतेच." हे उत्तर मला मान्य नाही.

निघोजे येथील कामगाराच्या खोलीतला प्रसंग कल्पावा. वडील दुसऱ्या पाळीहून परतले आहेत. "मी कॉलेज सोडते." वडिलांनी डबा खाली ठेवला. "खोलीचे भाडे थकले आहे." सलग छापलेले हे शेवटचे वाक्य कोणाचे? मुलीचे असेल तर तो त्याग; वडिलांचे असेल तर ती मूक संमती. डबा ठेवण्याची कृती आणि भाड्याचे वाक्य नव्या परिच्छेदात एकत्र आले, की वडील बोलले. भाड्याचे वाक्य आणखी एका नव्या ओळीवर गेले, की मुलगी बोलली. सारी कथा त्या एका ओळीवर उभी आहे. ती ओळ कापणारा संपादक कागद वाचवतो आणि माणूस गमावतो.

परंपरेचा दाखला देऊन काही जण म्हणतील, 'लीळाचरित्रा'त किंवा फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त कुठे होते असे परिच्छेद? खरे आहे, पण तेथे कोण बोलतो हे शब्दांतच सांगितलेले असते. आजचा कथाकार 'म्हणाला', 'म्हणाली' गाळतो. मग त्यांचे काम परिच्छेदाने करायला नको काय?

आपली सवय कदाचित बायबलच्या जुन्या छपाईने बिघडवली असावी. नव्या करारातील आजचे वचनक्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. पुढे अनेक आवृत्त्यांत प्रत्येक वचन नव्या ओळीवर छापले गेले. संत योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडून पाहा. सतराव्या वचनात शोमरोनी स्त्रीचे उत्तर येते, त्यातच प्रभूचे बोलणे सुरू होते आणि ते अठराव्यात संपते. क्रमांक संदर्भ शोधण्यासाठी असतात. संभाषण ऐकण्यासाठी नव्हेत. ज्या स्त्रीशी बोलणेही लोकांना वावगे वाटे, तिला प्रभूने प्रश्न विचारू दिले, प्रतिप्रश्न करू दिले. तिचे बोलणे वेगळे दिसू नये काय?

याचा अर्थ प्रत्येक वाक्य तोडावे असा नव्हे. बोलणारा तोच असेल, तर विचार पालटेपर्यंत परिच्छेदही तोच राहावा. बोलणारा बदलला, की ओळ बदलावी; त्याची कृती त्याच्या शब्दांजवळच ठेवावी.

जागा अपुरी पडते? मग विशेषणे कापा, वेलबुट्टी काढा. बोलणाऱ्याची ओळ मात्र त्याला द्या.