नाव एक, माणसे तीन

आमच्या गल्लीत मारुती तिघे. हाक मारली की तिघेही ‘ओ’ देतात! संगणकालाही हाच पेच पडतो. जावा भाषेत प्रत्येक नव्या खातेदाराला १, २, ३ असे क्रमांक देता येतात. पण बेळगाव आणि धारवाडचे संगणक आपापले मोजू लागले, की १०१ नंबरचे खातेदार दोन! याद्या एकत्र झाल्या, की एकाची ठेव दुसऱ्याच्या नावावर.

म्हणून २००४ मध्ये जावा ५ मध्ये ‘यूयूआयडी’ हा क्लास आला. त्याची ‘रँडमयूयूआयडी’ ही मेथड १२८ बिटांची ओळख देते. पैकी १२२ बिट चिठ्ठी उचलल्यासारखे. कुणी कुणाला न विचारताही तीच ओळख पुन्हा निघण्याची शक्यता नगण्य. मग नाव मराठीत लिहा की कन्नडमध्ये, ठेव ज्याची त्यालाच!