छायाचित्रातील वर्णाची दुरुस्ती कशाकरिता?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वलवणास माझ्या पुतणीचा मंगल परिणय झाला. वधूवर शुभ्र वस्त्रांत होते, मागे पडदाही शुभ्र होता. महिन्याभराने अल्बम हाती आला तेव्हा वहिनींनी पहिले पान उघडून विचारले, “भावजी, ही कोणाची मुलगी?”

मुलीचा सावळा वर्ण गुलाबी गोरा झाला होता, हनुवटी निमुळती झाली होती, आणि लहानपणी पडल्याचा भिवईवरील व्रण साफ नाहीसा झाला होता. स्टुडिओवाला म्हणाला, “वकीलसाहेब, फोटो काळपट आले होते, म्हणून सुधारले. सगळे असेच मागतात.”

फोटो काळपट आले होते, हे खरे. परंतु तो दोष मुलीच्या कातडीचा नव्हे, मोजमापाचा होय. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटीत पांढऱ्याचाच भरणा असला की तो फसतो, प्रकाश कमी घेतो, व चेहरा आहे त्याहून काळा उमटतो. आपल्या समारंभांत शुभ्र वस्त्रांचा प्रघात असल्याने हा प्रसंग आपणांवर वारंवार येणार. त्याचा उपाय फोटोशॉपमध्ये आहे, तसाच फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्येही आहे. प्रथम एकंदर प्रकाश वाढवावा, पांढरे वस्त्र पांढरेच दिसेल असा रंगसमतोल साधावा, मग सावलीचा भाग किंचित उजळावा. एवढ्याने सावळा चेहरा सावळाच राहून स्पष्ट दिसतो. त्या दिवशीची पुटकुळी काढल्यास कोणी हरकत घेऊ नये. आठवड्याने ती जाणारच होती. तीळ, व्रण, सुरकुती ही मात्र त्या माणसाची होत. त्वचा गुळगुळीत करणारे साधन भरमसाट वापरले की रंध्रे जाऊन चेहरा मेणाचा होतो.

यंत्रांचा हा पक्षपात जुना आहे. विसाव्या शतकात कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळविण्याकरिता गोऱ्या स्त्रीचे चित्र प्रमाण म्हणून प्रयोगशाळांस पुरवी. त्यास ‘शर्ली कार्ड’ म्हणत. सावळ्या व काळ्या वर्णांकरिता गूगलने आपल्या फोनात ‘रियल टोन’ ही सुधारणा आणली ती २०२१ मध्ये. आपल्याकडे क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला. स्टुडिओच्या संगणकातून तो गेलेला नाही.

“गोऱ्या फोटोवाचून स्थळ येत नाही,” असे आयाबाया म्हणतात. जन्मावरून माणसाची प्रत लावणे ज्यांनी नाकारले, त्यांनी ती कातडीवरून लावू द्यावी काय? आणि फोटोस भुलून आलेले स्थळ मुलीस पाहून काय म्हणेल?

आता हक्काची गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ अन्वये, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राच्या कॉपीराइटचा प्रथम स्वामी, उलट करार नसल्यास, काढविणारा असतो. म्हणून काम ठरवितानाच लिहून घ्यावे की वर्ण व चेहरेपट्टी बदलणार नाही, आणि मूळ फाइली ग्राहकास मिळतील. पुढे विवाहाचा पुरावा म्हणून छायाचित्र न्यायालयात द्यावे लागले, तर १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावे लागते व त्यात फाइलचे हॅश मूल्य येते. फेरफार केलेल्या प्रतीचे मूल्य मूळ फाइलशी जुळत नाही.

आम्ही मूळ फाइली मागून आणल्या. माझ्या मुलाने रविवारी बसून प्रकाश तेवढा दुरुस्त केला. वहिनींनी पहिले पान बदलून घेतले आहे. भिवईवरचा व्रण त्यात आहे.