आकडे स्पेसबारने सरकवू नका

सोसायटीच्या सचिवांनो, मंडळाच्या खजिनदारांनो, वार्षिक सभा जवळ आली की जमाखर्च टाइप करायची वेळ येते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च हवा असतो. पण वर्डमध्ये दुसरा तक्ता काही केल्या पहिल्याच्या शेजारी जात नाही. मग आपण तक्त्याचा नाद सोडतो आणि स्पेसबार दाबत आकडे ढकलत बसतो. घरच्या पडद्यावर ते जुळतातही. छपाईवाल्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, की लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे माळ्याच्या पगारासमोर जाऊन बसतात.

कृपा करून हे थांबवा. त्याऐवजी 'इन्सर्ट'मधून दोन स्तंभ आणि दोन ओळींचा एक मोठा तक्ता घ्या. वरच्या डाव्या चौकटीत कर्सर ठेवून पुन्हा 'इन्सर्ट'मधून जमेचा तक्ता घाला, उजवीत खर्चाचा. तक्ते आधीच तयार असतील तर कॉपी करा, चौकटीत राइट क्लिक करा आणि पेस्टच्या पर्यायांतून 'नेस्ट टेबल' निवडा. शेवटी बाहेरच्या तक्त्याला 'नो बॉर्डर' द्या. त्याच्या रेघा जातील, मांडणी मात्र जागची हलणार नाही. लिबरऑफिस रायटरमध्येही तक्त्यात तक्ता असाच बसतो.

खालची ओळ बेरजांसाठी ठेवा. जमेच्या नोंदी पाच आणि खर्चाच्या पंधरा असल्या, तरी दोन्ही बेरजा एकाच पातळीवर येतात.

रुंदीचा हिशेब आधी करा. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो. दोन्हीकडे एकेक इंच समास सोडला तर जेमतेम १६ सेंटीमीटर उरतात, म्हणजे प्रत्येक तक्त्याला आठ. नावं लांबलचक असतील तर कागद आडवा करा.

तक्ता माऊसने ओढून शेजारी नेता येतो, हे खरं. पण वर दोन ओळी वाढल्या की तो भलतीकडे सरकू शकतो. अहवालाचा मसुदा शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. सभासदांची यादी दोन-तीन पानं चालणार असेल, तर मात्र तक्त्यात तक्ता नको. 'लेआउट'मधले 'कॉलम्स' वापरा.

छपाईला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. त्याआधी त्या दोन बेरजा बघा. शिल्लक धरून त्या सारख्या यायला हव्यात. येत नसतील, तर सभासदांच्या आधी तुम्हीच चूक शोधा.