दारावरचा माणूस

यवतमाळ, पुसद, वणी येथील कित्येक घरांतील मुलेंमुली आज पुण्या-नागपुरास कंपन्यांच्या मदतकक्षांत, म्हणजे ‘हेल्प डेस्क’वर, नोकरी करितात. कोणी कर्मचारी पासवर्ड विसरला, कीं त्यास तो नवा करून देणें हें त्यांच्या कामांपैकीं एक. काम साधें दिसतें. परंतु साऱ्या कचेरीची किल्लीच त्यांच्या हातीं असते. म्हणून ठकांची दृष्टि आतां या मुलांकडे वळली आहे.

अमेरिकेंतील क्लोरॉक्स कंपनीच्या संगणकांत ऑगस्ट २०२३ मध्यें चोर शिरले. कर्मचारी असल्याची बतावणी करून त्यांनीं फोनवर पासवर्ड मागितला व ओळख न पटवितां तो देण्यांत आला, असें कंपनीनें मदतकक्ष चालविणाऱ्या कॉग्निझंटविरुद्ध २०२५ सालीं केलेल्या दाव्यांत म्हटलें आहे. नुकसानीचा आंकडा सुमारें ३८ कोटी डॉलर सांगितला आहे. कॉग्निझंटनें जबाबदारी नाकारली आहे.

ठकाचीं शस्त्रें जुनींच: घाई, दरारा व आर्जव. “साहेबांची बैठक पांच मिनिटांत आहे,” असें कोणी दरडावलें, कीं वडिलांपुढें ‘नाहीं’ न म्हणण्याच्या वळणांत वाढलेल्या आपल्या मुलाची जीभ अडते. त्यास नुसतें ‘सावध राहा’ म्हणून भागत नाहीं. त्याच्या पाठीशीं नियम उभा पाहिजे. पासवर्ड त्याच फोनवर देऊं नये. दप्तरीं नोंदलेल्या क्रमांकावर उलट फोन करावा. खातें मोठ्या अधिकाराचें असल्यास वरिष्ठाकडूनहि खात्री करून घ्यावी. या विलंबाबद्दल मुलास बोल लागूं नये, आणि खुद्द साहेबांसहि सूट नसावी; कारण ठक साहेबांच्याच नांवानें येतो.

हिरकणीच्या कथेंत तान्ह्या लेकरासाठीं व्याकुळ झालेल्या आईलाहि रायगडाच्या पहारेकऱ्यांनीं सूर्यास्तानंतर दरवाजा उघडला नाहीं. ती ज्या कड्यावरून उतरली तेथें महाराजांनीं बुरूज बांधविला, असें सांगतात. पहारेकऱ्यांस शासन झाल्याचें कोणी सांगत नाहीं. कंपनीच्या धन्यांनींहि मोकळी राहिलेली वाट बांधून काढावी आणि दार राखणाऱ्याचा मान ठेवावा.

घरीं फोन घेणारी सून किंवा नातू हाहि आपल्या कुटुंबाचा मदतकक्षच होय. बँकेच्या वा आप्ताच्या नांवानें कोणी घाई करूं लागला, तर “थांबा, आम्हीच उलट फोन करितों,” असें म्हणण्याची मोकळीक वडीलधाऱ्यांनीं त्यांस द्यावी. इतकेंहि करून पैसे गेलेच, तर रागें भरण्यांत वेळ न दवडतां प्रथम १९३० या क्रमांकावर कळवावें.