मालक सोडले तर वर कोण आहे?

कॉर्पोरेटमध्ये मुसलमान वर जाऊ शकतो का, असा विषय निघाला की आपल्यात दोन नावं हमखास येतात. विप्रोचे अझीम प्रेमजी आणि सिप्लाचे युसुफ हमीद. दोघांचा अभिमान वाटायलाच हवा. पण विप्रो १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यातून सुरू केली ती प्रेमजींच्या वडिलांनी, आणि सिप्ला १९३५ साली हमीदांच्या वडिलांनी. पोंभुर्ण्याच्या पोराच्या घरी कारखाना नसतो. तो चंद्रपूर-नागपूरला इंजिनिअरिंग करतो, पुणे नाहीतर हैदराबाद गाठतो आणि तिथून प्रमोशनच्याच पायऱ्या चढतो. त्या पायऱ्यांवर आपण किती आहोत?

२०१५ साली इकॉनॉमिक टाइम्सनं बीएसई-५०० कंपन्यांचे संचालक आणि वरिष्ठ अधिकारी मोजले. मुसलमान निघाले २.६७ टक्के. २०११ च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के होतो.

“शिक्षणच कमी आहे” हे उत्तर अर्धंच आहे. लेडबाय फाउंडेशननं २०२२ साली सारख्याच तोडीचे दोन बायोडेटा हजार जागांसाठी पाठवले, एक हबीबा अलीच्या नावानं, दुसरा प्रियांका शर्माच्या. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३.

नोकरी लागल्यावरही सगळं सुटत नाही. आयटीतली बरीच भरती रेफरलवर होते आणि रेफरल देणारा आधी ओळखीच्याचं नाव देतो. ज्याच्या घरात, मोहल्ल्यात कंपनीत कुणीच नाही, त्यानं ओळख आणायची कुठून? पुढे अप्रेझलला मॅनेजर मंडळी बंद खोलीत बसून रेटिंग ठरवतात. तिथे तुमच्या कोडपेक्षा तुमच्यासाठी बोलणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. क्लायंटसमोर कुणाला बसवायचं, ऑनसाइट कुणाला पाठवायचं, हेही तिथेच ठरतं. यात उघड द्वेष असतोच असं नाही. बहुतेक वेळा तुमचं नाव कुणाला आठवतच नाही.

माझं म्हणणं असं की कंपन्यांनी आधी मोजावं. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्या किती महिला आणि किती दिव्यांग कर्मचारी आहेत ते दरवर्षी जाहीर करतात. धर्म आणि जात यांचा रकाना त्यात नाही. तो असावा; माहिती कर्मचाऱ्यानं स्वखुशीनं द्यावी, नावं गुप्त राहावीत. “यानं फूट पडेल, आम्ही फक्त मेरिट बघतो,” असं एचआरवाले म्हणतील. महिलांची मोजणी सुरू झाल्यानं मेरिट कुठे बुडालं? सच्चर समितीनं २००६ मध्येच समान संधी आयोग सुचवला होता. तो अजून आलेला नाही.

ही मागणी फक्त आपल्यापुरती नको. आमच्या तालुक्यातल्या गोंड आणि बौद्ध पोरांचंही घोडं इथेच अडतं. बायोडेटाच्या अशाच एका अभ्यासात, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या, दलित आणि मुसलमान दोन्ही नावं मागे पडली होती.

रकाना येईल तेव्हा येईल. जे आत आहेत त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती लिंक टाकून मोकळं होऊ नये. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्युनिअरचा बायोडेटा मागवून घ्या, दुरुस्त करा, दोन मॉक इंटरव्ह्यू घ्या आणि मग पोर्टलवर आपल्या नावानं रेफर करा. आणि बाहेर असलेल्यांनो, सीनिअरला मेसेज करताना “भाई, काही जॉब आहे का” एवढंच लिहू नका. जॉब आयडी आणि बायोडेटा सोबत पाठवा.